कोर्टाजवळचं कॉलेज

आई,

गेले दोन दिवस मी तुझ्यावर चिडलेली आहे. घरात कुणाला सांगायची सोय नाही, कारण तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर चिडलं की लोक विचित्र बघतात. झालंय असं, की तुझ्या नातीने परवा कायद्याच्या कॉलेजातली जागा पक्की केली. तू गेलीस तेव्हा ती दोन वर्षांची होती, तुझा पदर धरून घरभर फिरायची. आता वकील व्हायचं म्हणते. तिला दोन ठिकाणी मिळत होतं. एक मुंबईत, आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरातून रोज जाऊन येऊन करण्यासारखं. दुसरं लांब, दक्षिणेत, पाच वर्षं हॉस्टेलवर राहायचं. तेच कॉलेज, आई. बारावीनंतर मला मिळालेलं आणि मी न गेलेलं. तिने मुंबईचं घेतलं, आणि चिडायला मला सगळ्यात आधी तू आठवलीस.

तुला ते वर्ष आठवत असेल. कल्याणची आपली दोन खोल्यांची जागा, ओट्यावर ओळीने मांडलेले अकरा डबे, सगळे कोर्टातल्या वकिलांचे. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीला जायचे, म्हणून मला सुट्टी असली की डबे पोचवायला मी तुझ्याबरोबर. वकील तुला कळायचे ते डब्यांवरून. कुणाची भाजी तशीच परत आली की तू म्हणायचीस, आज हरला वाटतं. एकजण रिकाम्या डब्यात टाचण्या टाकून पाठवायचा, त्याला तू मनातून कधीच माफ केलं नाहीस. आणि एक वयस्कर वकील होते, त्यांचा डबा रोज स्वच्छ विसळून यायचा. तू त्यांच्या डब्यात गुपचूप एक चपाती जास्त घालायचीस.

कॉलेजचं पत्र पोस्टाने आलं तेव्हा तू ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलंस. इंग्रजी होतं, मी मराठीत सांगितलं. कॉलेज तेव्हा नवीनच निघालेलं, कल्याणात कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. बाबा म्हणाले, तुम्ही दोघी काय ते ठरवा, आणि पाळीला निघून गेले. दुसऱ्या दिवशी तू डब्यांच्या पिशवीत ते पत्र घातलंस आणि कोर्टात वकिलांच्या बाररूमच्या दारात उभी राहून सरळ विचारलंस, "माझ्या मुलीला वकिलीला कुठे घालू?" मी तुझ्यामागे दोन पिशव्या धरून उभी, कुठे बघावं कळत नव्हतं. दोघं-तिघं हसले. डबा विसळणाऱ्यांनी मात्र चष्मा लावून पत्र वाचलं आणि परत घडी घालून दिलं. म्हणाले, "ताई, तिकडे रानात पाच वर्षं शिकून ही काय बघणार? ना कोर्ट, ना ऑफिसं. परत येईल तेव्हा इथे तिला ओळखणार कोण? नोकरी हवी असेल तर मुलगी कोर्टाजवळ ठेवा. ठाण्यात घाला. सकाळी कॉलेज करेल, दुपारी कुणातरी वकिलाकडे बसेल."

परत येताना मी म्हटलं, त्यांना त्या कॉलेजची काहीच माहिती नाहीये. तू म्हणालीस, "जो माणूस डबा विसळून पाठवतो, तो खोटं कशाला सांगेल?" या वाक्यावर मी किती वर्षं चिडतेय तुला कल्पना नाही. माणूस चांगला होता, मान्य. खोटंही बोलला नव्हता. त्याला फक्त माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल तो फार खात्रीने बोलला.

मी ठाण्यात शिकले. त्यांनी सांगितलं तसंच केलं, सकाळी कॉलेज आणि दुपारी कल्याण कोर्टात एका वकिलांकडे. नऊ वर्षं तारखा घेतल्या, अर्ज लिहिले, भाडेकरूंच्या भांडणात उभी राहिले. तू होतीस तोवर कोर्टात मला 'डबेवाल्या ताईंची मुलगी' म्हणायचे; म्हणजे ओळखणारे होते, ते डबा विसळणाऱ्यांचं म्हणणं खरंच झालं. मग मुलगी झाली, तू गेलीस, आणि मी घोडबंदर रोडच्या एका कंपनीत कायद्याच्या विभागात लागले. आता तिथे माझ्यावर जो साहेब आहे तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि त्या कॉलेजातला. त्याच्या हाताखाली आलेले आणखी दोघे त्याच कॉलेजातले. त्यांचा आपसात एक ग्रुप आहे, कुठे जागा निघाली की आधी तिथे कळतं. एकदा मीटिंगआधी तिघं त्यांच्या मेसमधल्या आचाऱ्याची आठवण काढून हसत होते, तो सांबारात काय काय घालायचा वगैरे. मीही हसले. साहेबाने विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, ठाण्याच्या. तो म्हणाला, "अच्छा, लोकल," आणि लॅपटॉप उघडला. वाईट मुलगा नाहीये तो. माझं काम नीट आहे हेही त्याला माहीत आहे. पण त्या दिवशी घरी येऊन मी लेकीला सांगितलं, मला पण मिळालं होतं तिथे, तुझ्या आजीने जाऊ दिलं नाही. त्याआधीही सांगितलं होतं. तिच्या लहानपणापासून सांगत आलेय.

म्हणून तिला तिथे जागा मिळतेय असं कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात हातातलं टाकून नाचायचीच बाकी होते. आणि ही सोफ्यावर पाय घेऊन म्हणते, "आई, पण मला मुंबईचं जास्त ठीक वाटतंय." मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिने मुद्दे सांगितले. मुंबईत राहिलं तर दुसऱ्या वर्षापासून कुठल्याही ऑफिसात जाऊन काम शिकता येतं, तिकडच्या मुलांना प्रत्येक सुट्टीत इथे येऊन खोली शोधावी लागते. डोंबिवलीचा तिचा एकांकिकेचा ग्रुप आहे, तो सोडायचा नाही. "आणि तिथे संध्याकाळी कॅम्पसच्या बाहेर काहीच नाहीये गं. मी रिव्ह्यू वाचलेत." मी म्हटलं, तू शिकायला जाणारेस का फिरायला? ती म्हणाली, "पाच वर्षं आहेत यार आई. जगायला पण जाणारे." तिचा बाप शांतपणे म्हणाला, आधी बघून तर या दोघी.

तर आम्ही बघायला गेलो. झाडं, लांबलचक रस्ते, दगडी इमारत, आत थंडगार लायब्ररी. मी त्या लायब्ररीत एका खुर्चीवर बसले आणि मग उठावंसंच वाटेना. टेबलांचे फोटो काढले, कपाटांचे काढले, नोटीसबोर्डाचासुद्धा काढला. लेक तोवर कॅन्टीनमध्ये एका मुलाला विचारून आली होती, सुट्टीच्या दिवशी काय करता तुम्ही लोक? त्याने सांगितलं, झोपतो. ती हसत हसत मला येऊन सांगत होती आणि मी तिला फाडकन म्हटलं, "तुला प्रत्येक गोष्टीची चेष्टा सुचते." ती म्हणाली, "माझा एक तरी फोटो काढ ना. सगळे कपाटांचेच काढलेस."

येताना गाडी सकाळी पनवेलला पोचली, तिथून टॅक्सी केली. शीळफाट्याला पुढे एक कंटेनर बंद पडलेला, तासभर तिथेच. मी परत विषय काढला. आधी माझं तिला तीन वेळा विचारून झालं होतं: खरंच नाही जायचं? नीट विचार केलास? नंतर पस्तावशील का? चौथ्यांदा विचारलं आणि ती माझ्याकडे वळून इतक्या मोठ्याने बोलली की ड्रायव्हरने गाणं बंद केलं. "आई, मला खरंच नाही जायचं. तुला जायचं होतं!"

मला तिचा राग आला. मला हवी असलेली गोष्ट हिला सहज मिळाली आणि ही ती सहज नको म्हणते, याचा राग. तिचे मुद्दे बरोबर आहेत, याचा जास्त. कारण ते तेच मुद्दे आहेत ना, आई. शहरात राहा, काम जवळ असतं, ओळखी होतात. तुझ्या त्या वकिलांचंच बोलणं, फक्त ही माहिती काढून, दोन्ही बाजू बघून बोलतेय. परवा दुपारी तिने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाली, "बघ, आता पक्कं करतेय हां." मी म्हटलं, कर. तिने केलं, मग मला मिठी मारली, आणि मी पातेल्यातली आमटी ढवळत राहिले.

तेव्हापासून तुझ्याशी मनात भांडतेय. भांडता भांडता काल दुपारी ती संध्याकाळ आठवली, जी मी नेहमी गाळून सांगते. शुक्रवार होता. तू चपात्या लाटत होतीस, मी भाजत होते. तू लाटणं थांबवलंस. म्हणालीस, "खरं सांग, तुला जायचंय का? जायचं असेल तर मी त्या वकिलांचं ऐकायची नाही. तुझ्या बाबांचं मी बघते." आई, तू विचारलं होतंस. त्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला मधल्या सुट्टीत हॉलच्या बाहेर मुली घडाघडा इंग्रजी बोलत होत्या, आणि मी सुट्टी संपेपर्यंत कुणाशी एक शब्द न बोलता भिंतीला टेकून उभी होते. मला तेच दिसत होतं. तसल्या मुलींबरोबर पाच वर्षं एका खोलीत. मी म्हटलं, "नको. इथेच बरं." तव्यावरची चपाती उलटली. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढची लाटायला घेतलीस.

तू पुन्हा विचारायला हवं होतंस, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. अजून एकदा विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. पण आता लेकीला चार वेळा विचारून बघितलंय मी. ज्याला जायचं नसतं तो चारही वेळा नाहीच म्हणतो, आणि जो घाबरलेला असतो तो काय म्हणाला असता हे मला खरंच माहीत नाही.

हे तुला पोचणार नाही, आणि ज्यांना पोचेल त्यांना मी दाखवणार नाही. आज सकाळी लेक आतल्या खोलीत मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "माझ्या आईला पण मिळालेलं तिथे. पण आजीने जाऊ दिलं नाही ना तिला." मी दाराशीच होते, हातात तिचे धुतलेले कपडे. आत जाऊन सांगता आलं असतं. कपडे खुर्चीवर ठेवले आणि परत आले.