वरची कोंड, खालची कोंड

मुक्काम : घरी
१९ मे

तीर्थस्वरूप भाईस,

लवूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द आपण आजवर पत्रात लिहायची रीत म्हणून लिहीत आलो. गेले दोन महिने मी रोज वीस-वीस मिनिटं पालथा पडून असतो, तेव्हा निदान या खेपेचा नमस्कार खरा धरावास.) तुझा गुडघा कसा आहे? स्वप्ना म्हणते, बाबांना जिना उतरताना त्रास होतो, चढताना होत नाही. माझं नेमकं उलट आहे. दोघांचे मिळून एका माणसापुरते गुडघे धड आहेत असं म्हणायला हरकत नाही. सावित्रीची साखर आटोक्यात आहे. काजू यंदा बेताचा झाला, फणस मात्र इतके लागलेत की शेजारी आमच्या दारावरून जाताना चालायचा वेग वाढवतात.

माझी तब्येत उत्तम आहे. इतर पत्रांत हे वाक्य शोभेला असतं, या पत्रात ते मुद्द्याचं आहे. कारण गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला मी वारलो असं समजून तू मुंबईहून निघालास, दुसऱ्या दिवशी सकाळी बांद्याच्या स्टँडवर उतरलास, मी जिवंत असल्याचं कळल्यावर एक चहा घेतलास आणि आल्या वाटेने परत गेलास. याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या कामासाठी माणूस आला ते कामच रद्द झालं तर तो परत जायचाच. पण मुळात ती बातमी निघाली कशी हे तुला कुणी धड सांगितलं नसणार, म्हणून लिहितो.

मार्चच्या सुरुवातीला पुण्याहून अक्षया नावाची एक मुलगी वाडीत आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई आहे, पीएच.डी. करते. विषय, गोड्या पाण्यातले मासे आणि ते जिथे राहतात ती जागा. तिला पोहता येणारा, रिकामा आणि आकडे मोजायची सवय असलेला माणूस हवा होता. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस या तिन्ही अटींत बसतो असं सावित्रीनेच तिला परस्पर सांगितलं. (मी घरात असलो की तिला कामं सुचत नाहीत, असं तिचं म्हणणं. मला वाटतं, उलट फार सुचतात.) मला आधी वाटलं, मासे मोजायचे म्हणजे जाळं टाकायचं, काढायचे, मोजायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे. यातला शेवटचा भाग नाही हे कळल्यावर थोडा विचार केला, पण तोवर होय म्हणून बसलो होतो.

तिची पद्धत अशी. देवबागला पर्यटकांना समुद्रातले मासे दाखवतात तेव्हा तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा चष्मा देतात ना, तोच सरंजाम लावून आपल्या व्हाळात (ती ओढा म्हणते) पालथं पडायचं. पाणी गुडघाभर. हातपाय हलवायचे नाहीत, कारण मासे बिथरतात. पाच-सात मिनिटांत त्यांना आपण ओंडका वाटायला लागतो आणि ते नाकासमोरून फिरू लागतात. मग प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने मोजत जायचं. मळये इतके, ठिगूर इतके, शेंगटी इतक्या. भाई, साठ वर्षं मी या व्हाळाच्या काठावर आहे. मासा म्हणजे ताटात आडवा पडलेला एवढीच माझी ओळख. तो आपला आपण उभा राहून काही करत असतो हे मी पहिल्यांदा बघितलं. एक बोटभर लांबीचा मासा आहे, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला. तो सबंध दिवस एकाच मुळाखाली थांबतो, वरून पिकलं जांभूळ पडलं की बाहेर येतो, चाखतो आणि पुन्हा आत जातो. असा दिनक्रम माझ्या ओळखीत फक्त आपल्या भाऊकाकांचा होता.

आता मोजणीची जागा. अक्षयाने आठ दिवस सगळा व्हाळ पालथा घातला आणि तिला आपल्याच दोन कोंडी पसंत पडल्या. (तिच्या वहीत त्यांना डोह म्हटलंय.) वरची तुझ्या हिश्शातली, खालची माझ्या. मध्ये साठ-सत्तर पावलं. पाणी तेच, दगड तेच, खोली तीच. फरक एवढाच की वरच्या काठावर तुझे करंज नि जांभळी उभ्या आहेत आणि खालच्या काठावर काही नाही. असा जोड शोधून सापडत नाही, असं ती हरखून म्हणाली. हे कसं काय झालं, काका, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, वाटणीत झालं. पुढचं सांगितलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. वाटणीच्या वर्षी मी माझ्या काठावरची सगळी झाडं तोडली, दगडी भिंत घातली आणि पोफळी लावल्या. गणपतीला तू आलास, काठावर उभा राहिलास आणि म्हणालास, "लवू, व्हाळ नागडो केलंस." मी म्हटलं, "तू मुंबयत ऱ्हवतलंस, तुका हय सावली कित्याक होयी?" दोन वाक्यं. त्यावर नऊ वर्षं झाली, आपल्यात अवाक्षर नाही. (भिंत दुसऱ्याच पुरात गेली आणि पोफळी उन्हाने करपल्या, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. मी सांगितलं नव्हतं.)

तर मोजणीला लागलो. पहिल्या आठवड्यात वरच्या कोंडीत दीडशेच्या वर मासे निघाले. खालच्या कोंडीत उतरलो तर पाणी पाठीला गरम लागलं. अक्षयाच्या मापाने दुपारी पाच अंशांचा फरक. वीस मिनिटं पडून राहिलो. अकरा. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा, त्यातला एक बहुधा आदल्या दिवशीचाच, कारण त्याची शेपटी फाटलेली होती आणि तो माझ्याकडे ओळखीने बघत होता. आता इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. चौथ्या दिवशी मी पाटीवर सत्तावीस लिहिले. पाचव्या दिवशी चाळीस. मग अठ्ठावन्नपर्यंत नेले. बत्तीस वर्षांत एकही प्रवासी बिनतिकिटाचा सोडला नाही, आणि साठी उलटल्यावर नसलेल्या माशांना गाडीत बसवलं. कारण विचारशील तर असं की, ते अकरा मासे मला रोज तुझ्या आवाजात तेच वाक्य ऐकवत होते.

चूक अशी झाली की आकडा फुगवताना मी त्यात तो काळ्या ठिपक्याचाही घातला. अक्षयाने पाटी दोनदा बघितली. मग म्हणाली, "काका, हा मासा एवढ्या गरम पाण्यात राहत नाही असंच आजवर सगळे मानतात. तुम्हाला नक्की दिसला?" मी नक्की म्हटलं. ती पोर रात्रंदिवस त्या एका माशावर विचार करू लागली. पुण्याला तिच्या मार्गदर्शक बाईंना तिने पत्र धाडलं. त्या बाईंनी उलट कळवलं की हे खरं असेल तर सगळी मांडणी बदलावी लागेल, झाडांचा आणि माशांचा आपण समजतो तसा संबंध नसेलही. म्हणजे मी नुसता तुला खोटा पाडत नव्हतो, तर पुढच्या कुणीही व्हाळाकाठची झाडं तोडावीत असा कागद तयार करत होतो. हे मला समजत होतं. तरी गप्प बसलो.

अशात अठ्ठावीस एप्रिल उजाडला. सकाळी अकराची वेळ. मी वरच्या कोंडीत पालथा, कान पाण्यात. अक्षया प्रवाहाचा वेग मोजायला वळणापलीकडे गेलेली. व्हाळावरच्या साकवावरून रिक्षावाला सत्यवान चालला होता. त्याने खाली बघितलं तर मी तरंगतोय. त्याने हाका मारल्या म्हणे. मी उत्तर दिलं नाही. हाक मारल्यावर उत्तर न देणारा माणूस मेलेला असतो असा त्याचा सरळ हिशेब. पाणी गुडघाभर होतं, पण त्याला पोहता येत नसल्यामुळे तो खाली आला नाही. त्याने माझ्या पाठीचा फोटो काढला आणि वाडीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "लवूदादा गेलो. व्हाळात." (सावित्रीचा नवरा गेल्याची बातमी सत्यवानाने आणावी, यावर आता वाडीत बोलून बोलून कंटाळा आलाय, तेव्हा मी काही जोडत नाही.) दहा मिनिटांत छत्तीस जणांनी हात जोडले. त्यांत सातजण असे होते जे मी समोरून आलो तर रस्ता बदलतात.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी एकशे चाळीसच्या पुढे पोचलो होतो आणि दिवस चांगला चालला होता. तेवढ्यात पाण्यात माणसांचे पाय शिरले. दोन, चार, आठ. गाळ उठला, मासे पसार झाले आणि सबंध मोजणी बाद झाली. मी उठून उभा राहिलो, तोंडातली नळी काढली आणि म्हणालो, "अरे, बाहेर व्हा आधी. मासे पळतत." काठावर चाळीसेक माणसं होती. गंगारामच्या खांद्यावर बांबू होते. माझ्याकडे बघत त्याने ते हळूच खाली ठेवले. सावित्री मागून धावत आली. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, काठावर खाली बसली. नंतर एवढंच म्हणाली, "नळी लावतास ती लाल रंगाची तरी लावा, लांबून दिसात." त्या क्षणी मात्र मला मासे सुचले नाहीत.

ग्रुपवर लगेच खुलासा गेला, पण तू मोबाईल बाळगत नाहीस. संध्याकाळी स्वप्नाचा फोन आला की बाबा बातमी ऐकून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, कुणाला काही बोलले नाहीत, आता त्यांना कळवायचं कसं. सावित्रीने पहाटे उठून वडे तळले आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. (हा बेत दोन्ही प्रसंगांना चालतो, तेव्हा भाईंना वावगं वाटणार नाही, असं ती म्हणाली.) मी दारापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसलो. अंगात इस्त्रीचा सदरा. दहाला सत्यवान एकटाच आला. म्हणाला, भाई स्टँडवर भेटले, मी सांगितलं लवूदादा बरो आसा. त्यावर तू दोन प्रश्न विचारलेस म्हणे. पहिला, नक्की ना. दुसरा, पडला कुठल्या कोंडीत. वरच्या, असं तो म्हणाला. मग तू चहा घेतलास आणि सव्वानऊची गाडी पकडलीस. सत्यवान सांगतो, चहा पिताना भाईंच्या हातातली बशी सारखी वाजत होती.

मी खुर्ची आत नेली. सावित्रीने वडे वाढले. आम्ही जेवलो. मग सदरा न बदलताच अक्षयाच्या खोलीवर गेलो आणि तिला सांगितलं की खालच्या कोंडीचे चौथ्या दिवसापासूनचे सगळे आकडे खोटे आहेत, तो ठिपक्याचा मासा तिथे एकदाही दिसलेला नाही, आणि ती झाडं मी स्वतः तोडलेली आहेत. तिला राग आला असावा. ती उठून खिडकीशी गेली. मग तिने विचारलं, "आणि वरचे आकडे?" मी म्हटलं, "ते खरे आहेत. वरचं काही माझं नाही." तिने त्याच दुपारी पुण्याला कळवलं, सहा आठवड्यांच्या पाट्या पुसल्या आणि पुढचे पंधरा दिवस स्वतः पाण्यात उतरली. परवा निकाल निघाला. वरची कोंड : एकशे त्रेसष्ट. खालची : अकरा. सावली, गळणारी फळं, पाण्यात पडणारे किडे, मुळांखालची जागा, सगळी कारणं तिने नीट मांडली आहेत. तू ते नऊ वर्षांपूर्वी तीन शब्दांत म्हटलं होतंस, पण पीएच.डी.ला तेवढं पुरत नाही.

एवढंच कळवायचं होतं. स्वप्नाला आशीर्वाद. तू स्वतःला जप, आणि जिना उतरताना कठडा धर.

तुझा धाकटा भाऊ,
लवू

ता. क. : सावित्रीचा निरोप आहे की यापुढे बांद्यापर्यंत यायचं झालं तर आधी कळवावं. ऐंशी वडे दोन माणसांना तीन दिवस पुरतात, आणि चौथ्या दिवशी ते कुत्राही खात नाही.

ता. क. २ : मूळ पत्रात लिहायचं राहिलं. पावसाआधीची शेवटची मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. अक्षयाला दोन्ही कोंडींत एकाच वेळी माणूस हवा. खालच्या कोंडीत ती मला उतरू देणार नाही, ते रास्त आहे, तिथे ती स्वतः उतरेल. वरच्यासाठी मी आहे, पण माझ्या आकड्यावर सही करायला दुसरा माणूस लागतो. अट एकच, वीस मिनिटं हलायचं नाही आणि अवाक्षर बोलायचं नाही. मी तुझं नाव दिलंय. अनुभव किती, असं तिने विचारलं. नऊ वर्षं, असं सांगितलं. गुडघ्याची काळजी नको, पाण्यात उभं राहायचंच नाही.

ता. क. ३ : तुझ्या काठावरून तुला न विचारता करंजाच्या चाळीस बिया उचलल्या आणि पिशव्यांत लावल्या आहेत. अठ्ठावीस रुजल्या. पाऊस लागला की माझ्या काठावर लावीन. माल तुझा आहे, त्यामुळे हरकत घ्यायचा तुला पूर्ण अधिकार आहे. मात्र ती समक्ष घ्यावी लागते, बांद्याच्या स्टँडवरून चालत नाही.