अर्धा मिलिमीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रगती मला आवडत नाही. इथे तरी खरं लिहायला काय हरकत आहे?

आमच्याच झाकणांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येते. काल खरवईच्या मैदानावर तिने फेकलेली डिस्क माझ्या डिस्कच्या वीस पावलं पुढे जाऊन पडली. महिन्याभराचा सराव! मला माझ्या त्या अंतरापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली. आणि तिला मैदानावर आणली कोणी? मीच. 'ये गं रविवारी, घरी बसून काय करतेस' — माझीच जीभ. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

डिस्क गोल्फचा हा क्लब शरदचंद्र सरांचा; कमीत कमी फेकींत डिस्क टोपलीत टाकायची. ते म्हणाले, डिसेंबरात राज्य स्पर्धा आहे, बायकांसाठी आपल्याला एकच जागा. याच महिन्यात तेवीस तारखेला निवड. सासूबाई म्हणतात, लोखंडी साखळ्यांच्या टोपलीत ताटल्या फेकायला सुट्टीच्या दिवशी घर सोडून जायचं म्हणजे कमाल आहे. असू दे कमाल. कारखान्यात मी माल तपासणारी क्यूसी मॅडम, शिरगावात मिलिंदची बायको. फक्त त्या मैदानावर मी पद्मजा आहे.

ती जागा मला पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजेच!

६ नोव्हेंबर, गुरुवार

उल्हासनगरहून डिस्क आल्या. सहा. सगळ्या केशरी, एकाच साच्यातल्या. सरांच्या जुन्या परदेशी 'फेअरवे ड्रायव्हर'वरून, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कवरून, तिथल्या कारखानदार शेठने साचा काढला. फोनवर म्हणाला, "मॅडम, तीर जैसी सीधी जाएगी." आमच्या मैदानावर सरळ जाणं हेच सगळं काही आहे. डावीकडे नाला, उजवीकडे करवंदीच्या जाळ्या, मधे अरुंद पट्टा आणि टोकाला बास्केट.

सर म्हणाले, तुम्ही रोज मापं घेता, तुम्हीच तपासून वाटा. घेतली मापं. दिवसभर झाकणांना लावते तोच मापाचा व्हर्निअर. चार डिस्कची कड अर्धा मिलिमीटर उंच निघाली. डोळ्याला अजिबात दिसत नाही. पण एवढ्यानेच डिस्क शेवटी डावीकडे ओढते, हे मला नाल्यात उतरून उतरून कळलेलं आहे. दोन मात्र नेमक्या होत्या.

एक मी घेतली. दुसरी माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात. क्लबातल्या बाकीच्या तिघींना कुठलीही द्या, त्यांचं फेकणं इतकं दिव्य आहे की फरक पडत नाही. चौथी वाकडी प्रगतीला.

माझ्या डिस्कवर खूण केली नाही. खूण म्हणजे पुरावा.

९ नोव्हेंबर, रविवार

दिली. तिने डिस्क हातात घेतली, कडेवरून अंगठा एकदा गोल फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, ही सरळ जाईल?"

मी म्हटलं, मी स्वतः मोजलीय.

"तुमी मोजली, मग झालं."

फेकली. सरळ, सरळ, सरळ — आणि शेवटी डावीकडे, नाल्यात. मी तिला समजावलं, पुढची कड वर उचलतेस, कड वर गेली की चांगली डिस्कसुद्धा डावीकडेच पडते. दोष डिस्कचा नाही, हाताचा. यातलं अर्धं खरं आहे. खोटं पचायचं तर असंच लागतं, अर्धं खऱ्यात कालवलेलं.

आठ वेळा नाल्यात उतरली. मी मोजत होते. मजा आली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पॅकिंगच्या बायका झाकणावरून नुसता अंगठा फिरवून खराब माल बाजूला काढतात, मी व्हर्निअर उघडायच्या आत. सुपरवायझर आज सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक करत होता. मग मला पगार कशाचा देता? अंगठा म्हणे!

१६ नोव्हेंबर, रविवार

तिच्या कोपराला पट्टी. माझ्या सांगण्यावरून रोज कामाच्या आधी पाड्यामागच्या उतारावर शंभर वेळा फेकते. मी म्हटलं, दीडशे कर. माझी बॅगही तिलाच उचलायला लावते. मुकाट्याने उचलते.

पट्टी बघून क्षणभर वाटलं, सांगून टाकावं, माळ्यावरची काढून द्यावी. तेवढ्यात सर म्हणाले, "हात बघा हिचा, देवाने दिलेला हात!" मला दोन वर्षांत असं कधी म्हणाले नाहीत. राहू दे डिस्क माळ्यावर.

आज नाल्यात दोनदाच गेली. उभी मात्र तिरकी राहत होती, तोंड करवंदीकडे. मी सगळ्यांदेखत विचारलं, तिकडून नवरदेव येणार आहे का? सगळे हसले. तीही हसली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. "ताई, डिस्कचं अजून काय सांगायचं राहिलं का?"

मी म्हटलं, काही नाही, जेव.

डबा न उघडताच परत गेली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मिलिंदला सांगितलं, डिसेंबरात चार दिवस मी नाही. त्याने टीव्हीवरून मान वळवली नाही. न वळवू दे. नवा ट्रॅकसूट इस्त्री करून ठेवलाय.

२३ नोव्हेंबर, रविवार

झोपायच्या आधी सगळं लिहून काढते.

शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही दोघी बरोबरीत. माझी बॅग तिच्याच खांद्यावर, दोघींच्या डिस्क त्या बॅगेतच. आधी तिची पाळी. पुन्हा तशीच तिरकी उभी राहिली आणि डिस्क सरळ करवंदीच्या अंगावर फेकली. मला हसू फुटलं. डिस्क जाळ्यांवरून गेली, सावकाश डावीकडे वळली आणि बास्केटच्या पायाशी येऊन पडली. टाळ्या!

मग मी. तिने बॅगेतून डिस्क काढून माझ्या हातात दिली. मी न बघता घेतली. फेकली. चढली, लटकली आणि डावीकडे नाल्यात.

पुढचं माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. मी ओरडले, "हिने बदलली! ही हिची आहे, डावीकडे पडणारी! माझी सरळ होती!"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पद्मजाताई, सगळ्या एकसारख्या आहेत असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

चोरी मीच बोलून बसले होते. प्रगती बॅग खाली ठेवत म्हणाली, "मना पयल्याच दिवशी अंगठ्याला कड उंच लागली होती, ताई. तुमी कधी सांगताय त्याची वाट बघत होती."

सरांनी तिचं नाव लिहिलं. एक बाई माझ्या शेजारून उठून लांब जाऊन बसली. नाल्यातून डिस्क काढायला माझ्यासाठी कोणी उतरलं नाही, मीच उतरले. ट्रॅकसूट गुडघ्यापर्यंत चिखलात.

पण बदलली तिनेच. बॅग तिच्याकडे होती. दोन आठवडे मनात ठेवून बसणारी बाई साधी असते होय? उद्या कामावर मापच घेते. आकडा सरांच्या तोंडावर मारते. मग बघू कोण खोटं ते!

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोजली. तीन ठिकाणी, तीनदा.

नेमकी आहे. माझीच. तिने काहीच बदललं नव्हतं.

फेकताना कड मीच वर उचलली.