नकाशात बुडालेलं शेत

नागपूर, १२ डिसेंबर १९९७

तीर्थरूप बाबांना निकेशचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. इथलं जेवण तिखट, पण सवय झाली. आईचा खोकला थांबला का? तळ्यातले जिताडे मासे या वर्षी मोठे झाले का?

इथं आम्ही उपग्रहाच्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर शेतांचे नकाशे करतो. भातशेती हिरवी, खाडी निळी. गेल्या महिन्यात आपल्या कासूकडचा नकाशा माझ्याकडे आला. पाणी दिसलं तिथं मी निळं भरलं आणि देऊन टाकलं.

काल तो पुन्हा समोर आला, तेव्हा बांधाचं वळण बघून ओळखलं. ते आपलं शेत आहे, बाबा. फोटो दोन वर्षांपूर्वीचा, बांधाला खांड गेली आणि खारं पाणी आत घुसलं तेव्हाचा. अख्ख्या गावानं हातोहात चिखल देऊन ती खांड बुजवली होती. रांगेत मीही होतो. "निक्या, हात चालव!" म्हणून तुम्ही ओरडत होता. तेच शेत मी खाडीत घातलं. बांधदुरुस्तीची यादी याच नकाशावरून होणार आहे; खाडीत दाखवलेल्या शेताचा बांध तीत येणार नाही.

साहेबांना म्हटलं, तिथं भात पिकतं. "तुला काय माहीत?" ते म्हणाले. ते आमचंच शेत आहे, हे मी सांगितलं नाही. माझे वडील पेणला मास्तर आहेत, असं मी इथं सांगितलंय. ऑफिसच्या पत्त्यावर पत्र नको म्हणालो होतो, ते त्यासाठीच.

हवं तेवढं रागवा, पण सातबाऱ्याची नक्कल पाठवा. ऑफिसच्याच पत्त्यावर. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा : नाथा जोमा घरत, शेतकरी. ते मी साहेबांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर फोडीन.

तुमचाच,
निक्या