दोनदा उठवावं लागतं

ताई, तू काहीही म्हण, चूक तुझीच आहे. हे मी परवा फोनवरही सांगत होतो, तर तू दूध उतू गेल्याचं निमित्त करून फोन ठेवून दिलास. (नमस्कार राहिला. साष्टांग नमस्कार. भावजींची कंबर कशी आहे? आईला म्हणावं, मी वेळेवर जेवतो.)

मी तुझ्याकडे फक्त दोन ओळी मागितल्या होत्या. खोलीतल्या वेल्डरने माझ्या मोबाइलवर ते नोकरीवाल्यांचं पान काढून दिलं, जिथे ओळखीपाळखीचे लोक एकमेकांची पाठ थोपटतात आणि साहेब लोक ते वाचतात. त्यात 'सोबत काम केलेल्या व्यक्तीचा अभिप्राय' असा रकाना होता. सातवीत शाळा सोडल्यावर मी सोबत काम केलं ते तुझ्याबरोबर भांडी घासण्याचं, म्हणून तुझं नाव दिलं. आणि तू काय लिहिलंस? 'माझा धाकटा भाऊ. एका जागी बूड टेकत नाही. काही मोडलं तर लपवत नाही, आपण होऊन सांगतो. सकाळी दोनदा उठवावं लागतं.' मी काम करतो त्या अख्ख्या गोदामाने वाचलं. आता मला सगळे दोनदा हाक मारतात.

त्यात फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, शिकायला आमच्यातला एकच माणूस घेणार होते, आणि मला खोकी उचलण्यातून सुटायचं होतं. तीन आठवडे व्हिडिओ बघितले, आकृत्या काढल्या (जन्मात पहिल्यांदा वही भरली). ही गाडी मागच्या चाकांनी वळते, ते अंगवळणी पडावं म्हणून मी चाकांच्या खुर्चीत उलटा बसायचो आणि वेल्डर ढकलायचा. भिंतीला आपटलो की 'नापास' म्हणायचा. रोज म्हणायचा.

चाचणीच्या दिवशी शिकवणारे काका कागद आणायला आत गेले. म्हटलं, तेवढ्यात एकदा वळवून बघू. पुढचा भाग झकास निघाला, पण शेपूट मागच्या मांडणीत घुसलं आणि फरशी पुसायच्या औषधाचे अकरा कॅन फुटले. कुणीही पाहिलं नव्हतं. गाडी जागेवर लावून आभाळाकडे बघत उभं राहता आलं असतं. पण पाय आपोआप ऑफिसात गेले (बरणी फुटली की तुझ्याकडे यायचे, तसेच).

"काका, अकरा कॅन फुटले. मीच फोडले."

काकांनी चष्मा वर केला. "बहिणीने लिहिलंय तसाच आहेस की रे. मोडणारे रोज भेटतात, सांगायला येणारा तू पहिलाच. आधी ते पूस. सोमवारपासून शिकायला ये, पहाटे पाचला. एक दिवस उशीर झाला की दुसरा माणूस घेईन."

तुझा, अजूनही रागावलेला,
धाकटा

ता. क. ते लिहिलेलं काढू नकोस.

आणखी एक ता. क. वेल्डरला रात्रपाळी लागली आहे आणि गजर मी झोपेतच बंद करतो. तर सोमवारपासून मला चारला फोन कर, आणि सव्वाचारला पुन्हा. पहिल्या फोनला मी 'उठलो' म्हणेन, त्यावर विश्वास ठेवू नकोस. रिचार्जसाठी सोबत चारशे पाठवतो आहे.