शब्द न् शब्द ऐकला

३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
आज सहा पोरं दारातूनच परत पाठवली. चांगला दिवस.
गालिच्यांच्या दुकानाखालच्या तळघरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आपला हार्डकोअर पंक गाण्यांचा शो असतो आणि दार माझ्याकडे असतं. बावीस वर्षं. शिक्काही मीच केलेला, जुन्या चपलेचं रबर कोरून. हातावर शिक्का हवा असेल तर माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. आज विचारलं, 'गंज' बँडच्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कोणतं? एकालाही येईना. कॅसेटी चाळीसच निघाल्या होत्या आणि त्यातल्या एकतीस आमच्या माळ्यावर आहेत, हे मान्य. पण ज्याला तळमळ आहे तो शोधतो. गंजचा गायक मी. एकूण अकरा शो केले.
जाताना एकजण म्हणाला, सॉरी हं काका. काका! सत्तेचाळीस हे काय काका व्हायचं वय आहे?
ठराव: पुढच्या महिन्यापासून चार प्रश्न.

५ फेब्रुवारी, मंगळवार.
कामावर कटकट. साहेबांचं म्हणणं, त्या सात मजली इमारतीतल्या लिफ्टचं बेअरिंग महिनाभर ओरडतंय, शेजारच्या बिल्डिंगमधून तक्रार आली, आणि तू शेरा मारतोस 'आवाज नाही'. वीस वर्षं मशीन रूममध्ये नुसत्या कानाने मोटरी ओळखतोय, आणि हे मला शिकवणार. बेअरिंग उघडलं तर छर्रे झिजून गेलेले. पण ते वयोमानाने.
घरी टीव्हीचा आवाज कोणीतरी कमी करून ठेवतं. बायको म्हणते, कोणी हात लावत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार.
लेकीचा बँड आहे. आज कळलं. एकोणीस वर्षांची पोर, गाते म्हणे. तीन मार्चच्या शोला वाजवू देशील का, असं तिने विचारलं. मी विचारलं, बँड किती जुना? आठ महिने.
नियम सगळ्यांना ठाऊक आहे. आधी वर्षभर दुसऱ्या बँडचे अँप्लिफायर उचलायचे, मग स्टेज. तिला सांगितलं, अजून चार महिने उचल. ती म्हणाली की पाच वर्षांची असल्यापासून तुझ्या शोंना वायरी गुंडाळतेय, ते धरणार नाहीस का. मी म्हटलं, लहानपणचं धरत नाहीत. त्यावर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून खोलीत गेली. ही सगळी पिढीच पुटपुटते. आवाज म्हणून नाही एकाला.
वाईट वाटलं, नाही असं नाही. पण उद्या लोकांनी म्हणायला नको की बापाच्या वशिल्याने चढली.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.
गॅरेजवाल्याकडे गेलो होतो. गंजचा ड्रमर. वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, दारात उभं राहून तू कोणाची वाट अडवतोयस ते बघ, मागच्या शोला आत नऊ जण होते आणि बाहेर सहा. मी म्हटलं, नऊ पण अस्सल. तो म्हणाला, त्या नवांत दोन आपले मेहुणे होते.
वर त्याने लेकीच्या बँडला व्हॅन द्यायचं कबूल केलंय. चार गावांत वाजवणार आहेत. घरचा भेदी.
मी तिथे असताना त्याने इंजिन चालू केलं की बंद, ते पटकन कळलं नाही. नवीन गाड्या फार शांत झाल्यात.

१७ फेब्रुवारी, रविवार.
पोरांनी वेगळा शो ठरवला. चोवीस तारखेला दुपारी, टेबल टेनिसच्या हॉलमध्ये. दाराला प्रश्न नाहीत, कोणीही या. लेक म्हणाली, बाबा, तू ये. मी म्हटलं, जिथे दार नाही तिथे मी कशाला?
ठराव: जायचं नाही. काळ्या दगडावरची रेघ.

२४ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळ.
गेलो होतो. पाहणीसाठी.
दारात हिरव्या केसांची मुलगी बसलेली. काहीही न विचारता माझ्या हातावर स्केचपेनने फुली मारली. शिक्कासुद्धा नाही! वर एका डब्यातून रंगीबेरंगी इअरप्लग काढून म्हणाली, काका, घाला. मी परत ठेवले. आम्ही कधी कान झाकले नाहीत. मग गाण्यांचे शब्द छापलेली झेरॉक्स दिली. माझ्या दाराला शब्दांच्या कागदांना बंदी आहे. पुढे उभं राहा, ऐका, पाठ करा. जवळ कचऱ्याची टोपली नव्हती म्हणून कागद खिशात कोंबला.
सव्वाशे माणसं होती. त्यातली सहा माझ्या ओळखीची, मीच परत पाठवलेली.
सवयीने मागे दाराशी उभा राहिलो. लेक स्टेजवर आली आणि मला एकदम घाबरायला झालं, ती सायकल शिकताना व्हायचं तसं. मग सुरू झालं. साउंड भिकार. छातीत नुसते दणके, वर सगळा चिखल. तिचं तोंड उघडत होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या, शब्द एक नाही. माईकवाल्याला काही अक्कल नाही.
तिसऱ्या गाण्यात अख्ख्या हॉलने माझ्याकडे तोंड केलं आणि ओरडले. सगळेच्या सगळे. दोनदा. हिरवीसुद्धा. लेकीनेही स्टेजवरून माझ्याकडे बोट केलं. काय ते माझ्या लक्षात आलं. बापाला चारचौघांत असं! कान तापले. तरी जागचा हललो नाही.
शेवटी तिने येऊन विचारलं, ऐकलंस का? मी म्हटलं, शब्द न् शब्द ऐकला. बापाचे वाभाडे काढून टाळ्या मिळवायच्या असतील तर खुशाल मिळव.  ती वायर गुंडाळायला गेली.
ठराव: आठवडाभर अबोला.

२६ फेब्रुवारी, मंगळवार.
अबोला उत्तम चाललाय. तीही बोलत नाही. निदान मला तसं वाटतं.
साहेबांनी मला मशीन रूममधून काढून ऑफिसात बसवलं. म्हणाले, आधी कान तपासून ये. मी सांगितलं की वेळ मिळाला की जातो.

२८ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी साडेसहा.
बायकोने पँट धुवायला टाकायच्या आधी खिसा रिकामा करायला सांगितला. कागद निघाला. वाचणार नव्हतो. तीन नंबरचं गाणं:

पाच वर्षांची मी, तुझ्या खांद्यावर
माझ्या कानांत कापूस, तुझे कान उघडे
संपला म्हणालास, आणि हसलास
तेव्हापासून मला सगळं ऐकू येतं, बाबा
आणि तुला नाही
म्हणून सगळे मिळून म्हणतो, मोठ्याने म्हणतो
हे दार तुझं आहे

खाली बारीक अक्षरात: इथे सगळ्यांनी मागे दाराकडे वळायचं, बाबाला ऐकू जाईल असं म्हणायचं.
दोनदा वाचलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसलो.
कापूस संपला नव्हता. अर्धी गुंडाळी खिशात होती. मी घातला नाही, कारण पोरं हसली असती.
ती आज आठ वाजता निघणार. चार गावं, बारा दिवस. ठराव: जायच्या आधी खरं सांगायचं. मला एक शब्द ऐकू आला नव्हता. आणि कापसाचंही.

त्याच दिवशी, सव्वाआठ.
गॅरेजवाल्याची व्हॅन खाली लागली. मी दारात उभा राहिलो, वाक्य तयार होतं. ती बॅग घेऊन आली. माझ्याआधी तीच काहीतरी बोलली, खाली बघून, बुटाची नाडी बांधता बांधता. तोंड दिसलं नाही. काहीतरी विचारलं एवढं कळलं. आता पुन्हा विचारायला लावू नये, जाताना पोरीचं मन मोडू नये, म्हणून मी छान हसून म्हटलं, हो.
तिने बॅग खांद्याला लावली. मग जिना उतरून गेली. मला वाटलं, चला, गोड झालं, बाकीचं आल्यावर सांगू.
आत आलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. असं का म्हणालास, असं तिने मोठ्याने, तोंड समोर धरून विचारलं. मी म्हटलं, काय विचारलं तिने?
बायको म्हणाली, तिने विचारलं, अजून रागावला आहेस का.