वाळवंटातली रोवणी

कारधा, भंडारा
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

चि. धनंजय यास,

वैनगंगेच्या काठावरून ताईचा तुला पोटभर आशीर्वाद. तुझा रक्तदाब आणि सौ. रुपाची पाठ, दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. (खरं तर दोन्हींची चौकशी वेगवेगळी करायला हवी, पण तुम्ही एकमेकांच्या दुखण्याला कारण असता, म्हणून एकत्रच केली.) मी परवा परत आले. फोनवर तू विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी "पत्रात लिहिते" म्हणाले, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि पत्रात तुला ते जमत नाही.

आधी आपली अट. दिवाळीत तू माझ्या गुडघ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरलास आणि न्यायाधीशासारखं जाहीर केलंस, की ताईने आता कारध्याचं घर भाड्याने द्यावं आणि कायमचं पुण्याला राहायला यावं. मी म्हटलं, मी तर जानेवारीत वाळवंटात पायी फिरायला निघाले आहे. पुष्कळ वाद झाला. शेवटी तू म्हणालास, की जाऊन ये, आणि परतताना कुणाच्या हाताच्या आधाराशिवाय गाडीतून उतरलीस तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. रुपा साक्षीला होती. (ही अट सुचताना तुला आठवलं की नाही कोण जाणे, पण मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला यायचे तेव्हा तू बाबांबरोबर भंडारा रोड स्टेशनवर यायचास आणि मला उतरवायला स्वतःचा हात वर करायचास. तुझं डोकं फलाटावरून जेमतेम डब्याच्या पायरीपर्यंत पोचायचं. मी त्या हाताला धरूनच उतरायचे.) तर निकाल असा: मी कुणाच्याही हाताच्या आधाराशिवाय गाडीतून उतरले. पुढचं पत्र फक्त माहितीसाठी वाचावं.

जैसलमेरच्या पुढे गवताळ वाळवंटाचा एक राखलेला पट्टा आहे. तिथली एक संस्था पाहुण्यांना सकाळी वाटाड्याबरोबर पायी फिरवते आणि दुपारी त्यांच्याकडून काम करून घेते. विलायती बाभूळ उपटायची, जनावरांच्या पाणवठ्यात साचलेली वाळू काढायची, डोंगराएवढ्या वाळूच्या ढिगावर सेवण नावाचं गवत लावायचं, अशी कामं. त्याबदल्यात जेवण आणि तंबूत झोपणं. मी एकटीच जाणार होते. पण कोंढ्याला धुरपतेला सांगायला गेले (आपल्या धानाच्या बांध्यांची रोवणी दरवर्षी तीच करवून घेते, तेव्हा तिला न सांगता गावाबाहेर जाणं बरं दिसत नाही), तर तिने तिथल्या तिथे पिशवी भरली. म्हणाली, "पान्याबिगर मानसं जगतेत कसे, मले एकदा पाह्याचंच हाय." पिशवीत तांदूळ, लाखोरीची डाळ आणि विळा होता. विळा कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे, "काम करासाठी बलावलं ना? मंग का हात हालवत जाऊ?"

वाटाड्याचं नाव बाबुलाल. पन्नाशीचा, उंच, मितभाषी माणूस. आमच्या गटात बहुतेक जण शहरांतले नोकरदार होते आणि वाळूत कसेही विखरून चालत होते. मला ते पाहवेना. आमच्या सिस्टरांनी आम्हाला सहलीला कधीही असं मोकाट चालू दिलं नाही. उंचीप्रमाणे रांग, जोडीजोडीने, शेजारणीचा हात धरून. पहिल्या सकाळी मी सगळ्यांना रांगेत लावलं, आणि आश्चर्य म्हणजे ते लागलेही. एका बँकेच्या मॅनेजरने तर दुपारपर्यंत आपल्या जोडीदाराचा हात सोडला नाही. बाबुलाल सगळ्यात उंच म्हणून सगळ्यात मागे गेला. वाटाड्या मागे राहिल्यामुळे आम्ही थोडे चुकलो, पण शिस्तीत चुकलो.

दुसऱ्या सकाळी त्याने आम्हाला खेजडीच्या झाडाआड बसवलं. समोरच्या उतरणीवरून चिंकारा हरणं येतात, श्वाससुद्धा जपून घ्या, असं त्याने हाताच्या खुणेने सांगितलं. खूप वेळाने ती आली. काय रे सुंदर जनावर! शाळेत निसर्गाच्या तासाला पुठ्ठ्यावर चिकटवलेलं हरीण आठवलं आणि डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांवर ऊन आलं, म्हणून मी बाबांची छत्री उघडली. (तीच, बटणाची. तू लहानपणी तिला बंदूक म्हणायचास. तुझं बरोबर होतं.) आवाज सगळ्या वाळवंटभर गेला आणि हरणं त्याच्याही पुढे गेली. मी माफी मागितली. बाबुलाल म्हणाला, "कोई बात नहीं, माताजी. पीछे से भी सुंदर लगते हैं." धुरपता म्हणाली, "आता का त्यायचे बुडच पाहत बसाचे का, बाई?" मग आम्ही नाश्त्याला गेलो.

आता रोवणीचं सांगते, कारण तो मजकूर तुला कुणीतरी वेगळ्या तऱ्हेने सांगण्याची शक्यता आहे. त्या दुपारी बाबुलालने सेवण गवताचे ठोंब आमच्या हाती दिले, कसे लावायचे ते सांगितलं आणि पलीकडच्या तुकडीकडे गेला. धुरपतेने ठोंबांची पेंडी हातात घेतली, लुगडं खोचलं आणि ओणवी झाली. ती उलट्या पावलांनी मागे सरकत अंगठ्याने ठोंब दाबू लागली, तसा माझाही हात शिवशिवला. आईबरोबर बांधीत उतरलेली मी मुलगी. तेवढं कॉन्व्हेंटला पुसता आलं नाही. गुडघ्याचं मला भानच राहिलं नाही. पण ठोंब धरेनात. वाळू कोरडी, चिखलाशिवाय रोवणी कशी होणार? धुरपता कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहत म्हणाली, "येवढी मोठी जागा अन एक बोडी नाही! इथले मानसं करून काय राहिले?" गावाशेजारी लहानसं तळं नाही, ही गोष्ट तिला दारिद्र्यापेक्षा आळसाची वाटली.

मग आम्ही दोघींनी पाणी अडवायला चहूबाजूंनी वाळूचाच धुरा घातला, चौकोनी सुबक बांधी केली आणि तंबूंजवळच्या टाकीचा पाइप तिच्यात सोडला. आपल्याकडे जमीन पाणी पिते आणि पोट भरलं की थांबते. ही थांबेचना. धुरपता म्हणाली, अजून थोडं. मी म्हटलं, अजून थोडं. चिखल होईल, आता होईल, असं करता करता पाइपातून फक्त हवा यायला लागली. तेवढ्यात बाबुलाल परतला. त्याने बांधीकडे पाहिलं, टाकी वाजवून पाहिली आणि अगदी हळू म्हणाला, "माताजी, यह पीने का था." टँकर दोन दिवसांनी येणार होता. तोपर्यंत कुणी आंघोळ केली नाही, आणि पिण्यापुरतं पाणी बाबुलालच्या गावाहून उंटगाडीने आलं. बँकेचा मॅनेजर आमच्याशी बोलेनासा झाला. धुरपता मात्र त्या रात्री जेवली नाही. शिजवायला दिलेल्या तांदळाकडे पाहत म्हणाली, "आपन इथच्या लेकरायचं पानी सांडवलं, बाई." मी तिला थोपटलं आणि माझंही ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ठोंब त्याच ओल्या बांधीत रोवले आणि पुढचे दोन आठवडे पाणवठ्यातली वाळू उपसली, इतरांपेक्षा दुप्पट. बाबुलालचा काल फोन आला होता. सगळ्या वाळूवर सर्वांत आधी हिरवी झाली ती आमचीच रोवणी, आणि म्हणून चिंकारांनी सर्वांत आधी खाल्ली तीही आमचीच. वन्यजीवांच्या संवर्धनाचा हेतू साधला, असं मी समजते.

असो. तू आता म्हणशील, की ताई, धान तर उपटून दुसरीकडे लावल्याशिवाय पिकतच नाही, मग पुण्याला यायला काय हरकत आहे? तुला उत्तर आधीच देऊन ठेवते. धान कोवळं असताना उपटतात. त्रेसष्टाव्या वर्षी कुणाची रोवणी करत नाहीत.

रुपाला गोड पापा. तू औषध वेळेवर घे.

तुझी,
रीताताई

ता. क. संस्थेने पाठवलेल्या फोटोंत मी उंटगाडीत रिकाम्या पिंपांमध्ये आडवी दिसेन. वाळूच्या उतरणीवरून मी बसून खाली आले (उभ्याने निघाले होते), आणि उंटाला रिकामं परत पाठवणं बरं दिसलं नसतं, एवढंच.

आणखी एक ता. क. गाडीतून आधाराशिवाय उतरले हे देवाशपथ खरं आहे. मात्र उतरले ती गोंदियाला. नागपूरनंतर दोघींनी जागं राहायचं ठरवलं आणि दोघी झोपलो. तिथे एक हमाल बिचारा हात पुढे करून उभा होता, मी त्याला नको नको म्हणत राहिले. मागून धुरपता ओरडत होती, "बाई, हात तं धरा, गाडी सुटून राहिली!" तरी मी दांडीला धरूनच उतरले. अट हाताची होती, स्टेशनाची नव्हती. रुपाला विचार.

शेवटचं ता. क. गुडघा दुखतो, धनू. पलंग खालच्या खोलीत आणला आहे. आषाढात बाबुलाल त्याच्या बायकोला घेऊन कोंढ्याला रोवणी बघायला येतो आहे. सांडवलेल्या पाण्याची भरपाई म्हणून धुरपतेने त्याला न संपणारं पाणी दाखवायचं कबूल केलं आहे. बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून चालताना मला शेजारी कुणीतरी लागेल, आणि धुरपतेला तसं सांगितलं तर गावभर होईल. तू ये. तुझी गाडी भंडारा रोडला लागेल तेव्हा मी फलाटावर असेन आणि तुला उतरवायला हात वर करीन. तो धर. तिथून कोंढ्यापर्यंत आणि धुऱ्यावरही सोडू नकोस. फक्त तो अटीत धरायचा नाही.