पेट्रोल संपलं म्हणाले

गुरुवार, संध्याकाळ

ट्रकनं कट मारला त्याला महिना झाला. मला खरचटलंही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी विषय संपवला. पुण्याहून यांचा फोन येतो, "आता कसली भीती?"

त्यानंतर आज पहिल्यांदाच शाळेत स्कूटी नेली. येताना मांजरसुंब्याच्या अलीकडं मागून ट्रकचा तसाच हॉर्न वाजला. गाडी कडेला घेतली. उतरले आणि गाडी ढकलत चालू लागले. तो हॉर्न अजून कानातून जात नाही.

एका म्हाताऱ्या दूधवाल्यांनी मोटरसायकल थांबवली. "म्याडम, पेट्रोल संपलं का?"

मी हो म्हणाले. खोटं का बोलले? भीती वाटते म्हणायची एवढी लाज?

त्यांनी कॅनमागची पेट्रोलची बाटली काढली. नाइलाजानं मी सीट उचलून झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली. त्यांनी टाकीत पाहिलं, मग माझ्याकडं. बाटली परत ठेवली.

"चला तुमी म्होरं. मी हाय मागं."

वाटेत दोन ट्रक गेले. पण मी उतरले नाही. आरशात ते दूधवाले दिसत होते.

माझ्या गल्लीशी ते वळून गेले. नावही विचारलं नाही मी. 'मी हाय मागं' असं महिनाभरात कुणी म्हटलंच नव्हतं. घरात आले, दार लावलं आणि खूप रडले.